टाकलेले बाळ आणि सोपवलेले बाळ



श्रेणिक राजा आणि चेलना राणीची कथा आपण चातुर्मासात दर दोन-तीन वर्षांनी ऐकतोच. चेलनेला दिवस गेले आणि तिला विचित्र डोहाळे लागले, नवऱ्याच्या काळजाचे मांस खावेसे वाटू लागले. अभयकुमाराने युक्तीने ते डोहाळे पुरवले, पण राणीच्या मनात भीती बसली, की हे पोर बापाच्या जिवावर उठणार. तिने गर्भ पाडायचा प्रयत्न केला, तो पडला नाही. शेवटी बाळ जन्मल्याबरोबर दासीच्या हातात दिले आणि सांगितले, उकिरड्यावर टाकून ये. राजाला कळले. तो स्वतः गेला, बाळ उचलून आणले, राणीला बोल लावले आणि तिच्याच मांडीवर बाळ ठेवून सांगितले की याला नीट वाढव. उकिरड्यावर कोंबड्याने बाळाचे बोट टोचले होते. ते चिघळले, पू झाला, बाळ रात्र-रात्र रडे. तेव्हा मगधाचा राजा ते बोट तोंडात धरून पू चोखून थुंकत असे, आणि बाळ शांत होई. हाच कूणिक.

पुढे याच कूणिकाने बापाला कैदेत टाकले, हेही आपल्याला ठाऊक आहे. महाराज साहेब कथा सांगतात ती कर्माच्या उदयाबद्दल. पण बायका उठून जाताना काय बोलतात ते मी कितीदा ऐकले आहे. "टाकलेलं पोर, शेवटी गेलं ना वळणावर." कंसाचेही तसेच. आपल्याकडच्या कथेत कंसाला काशाच्या पेटीत घालून यमुनेत सोडले होते, म्हणून तो कंस. दोन टाकलेली मुले आणि दोन्ही बापाच्या मुळावर उठलेली. दत्तक घ्यायचा विषय घरात निघाला की "कुणाचं रक्त, कोण जाणे" हे वाक्य यायला मग वेळ लागत नाही.

मला मात्र त्या कथेत श्रेणिकाचे ते तोंडात धरलेले बोट मोठे वाटते. राजाने बाळ कुणाचे नशीब घेऊन आले आहे हे विचारले नाही. आधी उचलले. आज त्या उचलण्याबद्दल लिहायचे आहे. आपल्या महाराष्ट्रात हे काम रीतसर कधी आणि कसे सुरू झाले, आणि आज कायदा काय सांगतो, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत आहे.

गोष्ट पुण्याची, १८६३ सालची. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण कागदावर. आठव्या-दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या-पंधराव्या वर्षी कपाळ पांढरे, केशवपन, लाल अलवण आणि सासरच्या किंवा माहेरच्या स्वयंपाकघरात जन्मभर राबणे. पुनर्विवाह नाही. अशा घरात, दीराने म्हणा, सासऱ्याने म्हणा, शेजारच्या प्रतिष्ठित माणसाने म्हणा, तिच्यावर हात टाकला तर तिने सांगायचे कुणाला? दिवस गेले की पुरुष बाजूला आणि ही एकटी. मग वैदूचे औषध. ते लागू पडले नाही तर चोरून बाळंतपण, आणि त्यानंतर विहीर.

जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस गेल्यावर औषधे झाली, उपयोग झाला नाही. मुलगा झाला, तो तिने मारला आणि विहिरीत टाकला. खटला चालला, तिला जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची, अंदमानाची. शास्त्रीबुवांना काय झाले असेल ते तुम्हीच ओळखा.

पुण्यात त्या खटल्याची चर्चा भरपूर झाली असणार. बाईच्या चारित्र्याची चर्चा करायला आपल्याला कधी वेळ कमी पडत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी दुसरेच केले. स्वतःच्या घराच्या आवारात त्यांनी जागा केली आणि तिला नाव दिले बालहत्या प्रतिबंधक गृह. या नावावर मी बराच वेळ अडकले होते. विधवाश्रम नाही, पतितांचा उद्धार नाही, पापक्षालन तर नाहीच. हत्या थांबवायची, एवढेच काम नावात सांगितले आहे. येणाऱ्या बाईबद्दल त्या नावात एकही शब्द नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्या बाईला कुठलेही विशेषण चिकटत नाही.

आणि त्यांनी त्याची जाहिरात केली. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छापील पत्रके काढून ती ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवली. आशय असा होता, की विधवांनी इथे येऊन गुपचूप आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यायचे की इथे ठेवायचे हे तिने तिच्या खुशीने ठरवावे, ठेवले तर त्याचा सांभाळ केला जाईल. विचार करा, १८६३ साली, सोवळ्याओवळ्याच्या पुण्यात, भर रस्त्यात हे पत्रक! वाचणाऱ्यांनी तोंडे फिरवली असतील, शिव्या घातल्या असतील. पण ज्या घरात एखादी पोर माळ्यावर कोंडून ठेवलेली असेल, त्या घरापर्यंत पत्ता पोचवायचा दुसरा मार्ग कोणता होता?

येणाऱ्या बायकांचे बाळंतपण सावित्रीबाई बघत. म्हणजे गरम पाणी, धुणी, शेक, अळीव, रात्रीची जागरणे. इतिहासाच्या पुस्तकात या गोष्टी एका ओळीत संपतात. ज्यांनी घरात चार बाळंतपणे काढली आहेत त्यांना त्या ओळीचे वजन कळेल. आणि ही बाळंतपणे ज्यांची, त्या बायका ज्या जातीच्या, तीच जात सावित्रीबाई शाळेत जाताना शेण फेकत होती.

१८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा या जोडप्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले, त्यात वारस म्हणून यशवंतालाच ठेवले. तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेऊन गावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू करायला लावला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या त्या दवाखान्यात आल्या, त्यातून त्यांनाही लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. "कुणाचं रक्त" म्हणणाऱ्यांना मी कूणिकाच्या शेजारी हा यशवंतही आठवायला सांगते.

पुण्याहून पुढे पंढरपूर. तिथे हे काम का सुरू व्हावे, याचा विचार केला की मन विषण्ण होते. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे येतात. विधवा बाईला घराबाहेर पडायला एकच कारण कुणी आडवे येऊ न देणारे होते, ते म्हणजे देवदर्शन. गर्दीत कोण कुणाला ओळखते? तेव्हा घरचेच तिला यात्रेच्या नावाखाली आणून सोडत, बाळंत झाली की बाळ तिथेच कुठेतरी टाकून परत. विठोबाच्या गावाला अशी बाळे सापडू लागली.

त्या वेळी पंढरपूरला न्यायखात्यात लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ अधिकारी म्हणून होते, प्रार्थना समाजाचे. त्यांनी पुढाकार घेऊन १८७५ साली तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम काढला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवायला घेतला. समाजाचेच वासुदेव बाबाजी नवरंगे यांचे नाव पुढे त्याला लागले, आणि नवरंगे बालकाश्रम या नावाने तो पंढरपुरात आजही आहे. कामाला सुरुवात होते न होते तोच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. अशा वेळी लेकरू सांभाळता येत नाही म्हणून सोडणारे आईबापही असतात. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली, की मूल सोडण्यामागे प्रत्येक वेळी लाजच असते असे नाही, कितीदा भूक असते.

इथे थोडे बाहेरचे सांगते, कारण त्याशिवाय पुण्या-पंढरपूरचे वेगळेपण लक्षात येत नाही. युरोपात हा प्रश्न फार जुना. इटलीत फ्लॉरेन्स शहरात बाळांसाठी मोठे थोरले अनाथालय होते, इनोचेंती नावाचे. १४४५ साली तिथे पहिले बाळ आले, ती मुलगी होती. अनेक गावांत अशा संस्थांच्या भिंतीत फिरते लाकडी कपाट असे. आईने बाहेरून बाळ त्यात ठेवायचे, कपाट फिरवायचे, घंटा वाजवायची आणि निघून जायचे. आतल्या बाईला आईचे तोंड दिसत नसे. लंडनला थॉमस कोरम नावाच्या दर्यावर्दी माणसाने सतरा वर्षे खटपट करून १७३९ साली सनद मिळवली आणि अनाथ बालकांसाठी आश्रयस्थान काढले. तिथे बाळे इतकी येऊ लागली की चिठ्ठ्या काढाव्यात तसे पिशवीतून रंगीत चेंडू काढायची पद्धत पडली. पांढरा निघाला तर बाळ आत, लाल निघाला तर थांबा, काळा निघाला तर बाळ घेऊन परत. आया बाळाच्या कपड्याला कापडाचा तुकडा, अर्धे नाणे, एखादे बटण अडकवून ठेवत, कधी परत न्यायला आलो तर ओळख पटावी म्हणून. पुढे १७५६ ते १७६० मध्ये सरकारी मदतीने येईल ते बाळ घेतले, जवळपास १५,००० आली, आणि त्यातली बहुतेक दगावली.

फ्लॉरेन्सचे ते बाळ ठेवायचे दार १८७५ सालीच बंद झाले. म्हणजे तिकडे दार बंद झाले त्याच साली पंढरपुरात उघडले. हा योगायोगच, पण माझ्या लक्षात राहून गेला.

तिकडच्या कपाटात आणि पुण्याच्या घरात मोठा फरक आहे. कपाट बाळ घेते, आईला बाहेर ठेवते. ती कुठे बाळंत झाली, तिला ताप आहे का, दूध भरून आले आहे का, घरी परत जाऊ शकते का, कपाटाला कशाचे काय? फुल्यांच्या घरात बाळाच्या आधी आई आत येत होती. तिथे आईला लपवण्यासाठी बाळ टाकावे लागत नव्हते. आईलाच लपायला जागा होती.

तरीही हिशेब काय निघाला पाहा. १८८४ साली मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली, त्यावर मत देताना जोतीरावांनी या घराचा आकडा दिला आहे. सुरू झाल्यापासून ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांपैकी ५ मुले जगली. ३० गेली.

मी वाणिज्य शाखेची. आकडा दिसला की ताळा करून बघायची सवय आहे. पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटले, एवढ्या मायेच्या घरात असे कसे? कारण जोतीरावांनीच दिले आहे. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच जी विषारी औषधे घेतली होती त्यांनी पोटातच मुलांना इजा झाली होती. म्हणजे त्या बायका आल्या, पण सगळे उपाय करून थकल्यावर आल्या. दार होते, दाई होती, अन्न होते, माया होती. दार असल्याचे कळायला आणि त्यावर विश्वास बसायला उशीर झाला होता. ३० बाळे त्या उशिरात गेली. म्हणून मी त्या भिंतीवरच्या पत्रकाला एवढे महत्त्व देते. चार महिने आधी ते वाचले गेले असते तर?

याच्या मधल्या काळात, १८८१ साली, सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली गेली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचा, छोटेसेच पुस्तक आहे आणि आजही झोंबते. न्यायालयाच्या बाकावर बाई एकटीच कशी, हा तिचा मूळ सवाल.

आता आजकडे येऊ. केशवपन गेले, विधवांचे दुःख पुष्कळ कमी झाले. बाळे टाकणे मात्र थांबलेले नाही. बसस्थानक, नाला, शेताचा बांध, रुग्णालयाचे स्वच्छतागृह, आणि हो, देवळाची पायरी. वर्तमानपत्रात बातमी येते आणि खाली ठरलेले वाक्य, निर्दयी मातेचा पोलीस शोध घेत आहेत. निर्दयी पित्याचा शोध घेतल्याचे मी अजून वाचलेले नाही. कारणे आता निरनिराळी आहेत. लग्नाआधीचे मूल, फसवणूक, बलात्कार, तिसरी-चौथी मुलगी, नवरा सोडून गेला, दारिद्र्य. मुलींच्या बाबतीत तामिळनाडूत सेलम भागात परिस्थिती इतकी बिघडली होती, की १९९२ साली तिथल्या सरकारने पाळणा योजना सुरू केली. मुलगी नको असेल तर मारू नका, या पाळण्यात ठेवा. त्यावर टीकाही झाली, की अशाने मुलगी टाकून द्यायला सरकारच परवानगी देते. टीकेत तथ्य आहे. पण ज्या बाळाला आज रात्री विषारी चीक पाजणार आहेत, त्या बाळाला ही टीका उपयोगी नाही.

मूल टाकून देणे हा गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेत तो कलम ३१७ होता, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९३ आहे. बारा वर्षांखालील मूल आईबापांनी वाऱ्यावर सोडले तर सात वर्षांपर्यंत कैद. एवढे बहुतेकांना माहीत असते, आणि त्या भीतीनेच रात्रीच्या अंधारात बाळ टाकले जाते. पण मूल कायदेशीरपणे सोपवता येते, त्यात शिक्षा नाही, हे दहा जणींना विचारले तर नऊ जणींना ठाऊक नसते. हा माझा अंदाज, आमच्या महिला मंडळात विचारून पाहिल्यावरचा. एक शिक्षिका सोडून कुणालाच माहीत नव्हते.

तर ते असे. बाल न्याय कायदा, २०१५, त्याचे कलम ३५. आपल्या हाताबाहेरच्या शारीरिक, मानसिक वा सामाजिक कारणाने मूल सांभाळणे शक्य नसेल तर आईबाप ते मूल बाल कल्याण समितीपुढे सोपवू शकतात. ही समिती जिल्ह्याजिल्ह्यात असते. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक बाई हवीच. समिती आधी समजावते, मूल ठेवता येईल असा काही मार्ग आहे का ते पाहते. मग लेखी पत्र होते. लग्नाचे जोडपे असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. अविवाहित आई असेल तर तिची एकटीची पुरते, आणि तिला पूर्ण समितीपुढे उभे राहावे लागत नाही, एकाच सदस्यापुढे, शक्यतो बाईपुढे, ते होऊ शकते. बाळ दत्तक देणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत ठेवले जाते.

यानंतर दोन महिने थांबतात. या दोन महिन्यांत आईला वाटले, नाही, मी सांभाळीन, तर ती समितीकडे जाऊन बाळ परत मागू शकते. समिती चौकशी करून देऊ शकते. कायदे वाचताना डोळ्यांत पाणी यावे असे फार काही नसते, पण हे दोन महिने ज्याने लिहिले त्याने बाळंतीण पाहिलेली असणार. बाळंतपणानंतर सव्वा महिना बाईचे मन थाऱ्यावर नसते, हे आपल्या आज्या सांगत आल्या. त्या दिवसांत झालेली सही कायमची धरू नये, हे कायद्यालाही पटले आहे. दोन महिने उलटले, कुणी आले नाही, की मग समिती बाळाला दत्तक देण्यासाठी मोकळे ठरवते.

आणि ज्यांनी परिस्थितीपुढे हात टेकून बाळ सोडले, त्यांचे काय? याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये म्हटले आहे, की जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडल्याचे दिसून आले तर ते जाणूनबुजून केले असे धरू नये, आणि त्या कलमाची शिक्षा त्यांना लागू नये. दत्तक संस्थांच्या दाराशी पाळणा ठेवलेला असतो, तोही याच विचाराने.

अडचणी आहेतच. आई अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. मुलीचे आईबाप तिला दवाखान्यात न नेता घरी बाळंत करतात ते या भीतीने. कायदा तिच्या रक्षणासाठी आहे, पण पोलीस या शब्दाला आपली माणसे घाबरतात ती घाबरतातच. अशा वेळी एकट्याने पोलीस चौकीत जाण्यापेक्षा आधी एखाद्या संस्थेशी बोलावे. पुण्यात ससून रुग्णालयाजवळ सोफोशचे 'श्रीवत्स' आहे, भारतीय समाज सेवा केंद्र आहे. नगरला स्नेहालयाचे 'स्नेहांकुर' आहे, तिथे बाळाइतकेच आईचेही पाहतात. लहान मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक तर देशभर फुकट लागतो.

दुसरी अडचण आपल्यासारख्या पांढरपेशा घरांतली. "अमक्या डॉक्टरांच्या ओळखीने एक बाळ मिळतंय, आई कुमारी आहे, चांगल्या घरातली आहे," असे कानावर येते. मूल नसलेल्या जोडप्याला वाटते, देवच पावला. अनाथ, सापडलेले किंवा सोपवायचे मूल असे कायदा सोडून परस्पर देणेघेणे हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे हातात बदलले तर ती सरळ मुलाची विक्री. आईला विचार करायला मिळणारे दोन महिने तिथे कोण देणार? सापडलेल्या बाळाचेही तसेच, चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. आणि कृपा करून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. चांगल्या हेतूने का असेना, बाळाची ओळख उघड करणे कायद्याने मना आहे. उद्या ते कुणाच्या तरी घरचे मूल होणार आहे.

आता थोडे आपल्याबद्दल. श्रावकाच्या पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात रोज म्हणतो. त्यात शेवटचा भत्तपाणवोच्छेए, आश्रित जिवाचे अन्नपाणी तोडणे. आपण तो म्हणताना गाय, बैल, फार तर घरातली कामवाली डोळ्यांसमोर आणतो. तासाभराच्या बाळाएवढा आश्रित जीव दुसरा कोणता? मुंबईचे पांजरापोळ १८३४ पासून चालले आहे, पारशी आणि जैन-गुजराती व्यापाऱ्यांच्या पैशांनी. गावोगावी आपल्या समाजाने भाकड गाई सांभाळल्या, कबुतरांना दाणे घातले, पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवायला अर्ज केले. याचा मला अभिमान आहे. गर्भपात हे महापाप, हे आपल्या प्रवचनांत ठणकावून सांगितले जाते, तेही मला मान्य आहे. पण मग ज्या मुलीने ते पाप केले नाही, पोट वाढू दिले, तिला आपल्या समाजात नऊ महिने राहायला जागा कुठे आहे? तिला आपण कोणत्या स्थानकात, कोणत्या धर्मशाळेत ठेवून घेऊ? पाप टाळायला सांगायचे आणि टाळल्यावर दार लावून घ्यायचे, हे मला पटत नाही. ३५ बायका फुल्यांच्या दारी गेल्या, कारण बाकी सगळी दारे धर्म जाणणाऱ्यांची होती.

आमच्या मंडळात यावर वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "अशी माहिती लावली तर पोरींना मोकळं रानच मिळेल." मी त्यांना ते ३५ आणि ३० सांगितले. त्या गप्प झाल्या, पटले असे नाही म्हणाल्या. दुसऱ्या एका वहिनींनी मात्र हळूच विचारले, त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मुलीबद्दल. सातवा महिना होता. त्यावर मी इथे अधिक लिहिणार नाही.

आमच्या मंडळाच्या फलकावर तिथी, पच्चक्खाणाच्या वेळा आणि आयंबिलाची यादी असते. त्याच्या खाली आता एक कागद लावला आहे. त्यावर आपल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा पत्ता आहे, १०९८ आहे, आणि तीन वाक्ये आहेत. बाळ सोपवणे गुन्हा नाही. आईचे नाव गुप्त राहते. दोन महिन्यांत बाळ परत मागता येते. तुमच्या गावच्या समितीचा पत्ता जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात मिळेल. कागद जरा जाड घ्या, आमचा पहिला पावसाळ्यात ओल येऊन फाटला.